वऱ्हाडांतील जुनीं नाणीं आणि त्यांचें प्रकाशन

बाराव्या शतकांत गुजराथेंत होऊन गेलेल्या हेमचंद्र नांवाच्या जैन पंडितानें आपल्या प्राकृत व्याकरणांत एका गांवाच्या नांवासाठीं एक स्वतंत्र नियम घालून ठेवला आहे. अचलपूर या शब्दांतील 'च' आणि 'ल' हीं अक्षरें आपापल्या जागा बदलतात आणि अलचपूर असें रूप होतें, असा त्या नियमाचा आशय आहे. व्याकरणकारानें मुद्दाम दखल घ्यावी इतकें तें गांव त्या काळीं प्रसिद्ध होतें, हें तर उघडच आहे. पण गांवाच्या पुढच्या इतिहासाचा एक धागाहि या अक्षरांच्या अदलाबदलींत गुंतलेला आहे. अलचपूरचें एलिचपूर झालें, फारसी लिहिणाऱ्यांनीं तें कोणी एलिचपूर तर कोणी इलिचपूर असें वाचलें, इंग्रज अमदानींत स्पेलिंगमध्यें आणखी एका 'एल्'ची भर पडली, आणि अखेर गांव आपल्या मूळ संस्कृत नांवावर परत आलें. एकाच गांवाचीं हीं सारीं नांवें ज्याला ठाऊक नाहींत, त्याला त्या गांवाचें नाणें शोधून सांपडणें कठीण.

अचलपूर आज अमरावती जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण आहे. परंतु इ. स. १४९० मध्यें फत्तेउल्ला इमादउल्मुल्क यानें बहामनी सत्तेपासून फुटून वऱ्हाडांत इमादशाही स्थापिली, तेव्हां एलिचपूर हें त्या राज्याचें मुख्य शहर झालें आणि उत्तरेकडचा गाविलगड हा त्याचा पाठीराखा. १५७४ मध्यें अहमदनगरच्या मूर्तझा निजामशहानें तें राज्य गिळलें, आणि १५९६ मध्यें वऱ्हाड अकबराच्या पदरांत पडलें. मोंगलांच्या नाण्यांवर ज्या टांकसाळींचीं नांवें येतात त्यांत एलिचपूर आहे. पुढें निजामाच्या मांडलिकांच्या नाण्यांची जी वर्गवारी करतात तींतहि एलिचपूरचा स्वतंत्र पोटविभाग आढळतो. व्याकरणांत ज्याची नोंद झाली, त्याच गांवाचें नांव पुढें धातूवरहि उमटलें.

उमटलें खरें, पण पुरतें उमटलें असें क्वचितच होई. जुन्या पद्धतीनें नाणें पाडतांना खालचा ठसा ऐरणींत बसवीत, त्यावर धातूची चकती ठेवीत, आणि वर दुसरा ठसा धरून हातोड्याचा घाव घालीत. ठसा बहुधा चकतीपेक्षां मोठा असे. त्यामुळें ठशावरच्या मजकुरापैकीं जेवढा चकतीवर मावे तेवढाच उठे, आणि घाव तिरका बसला तर तेवढाहि धड उठत नसे. एका रुपयावर गांवाच्या नांवाचा आरंभ दिसतो, दुसऱ्यावर नुसतें 'पूर' दिसतें. आणि हिंदुस्थानांत 'पूर' कांहीं थोडीं नाहींत! अशीं पांचसहा नाणीं शेजारीं शेजारीं मांडून, एकावरचा तुकडा दुसऱ्यावरच्या तुकड्याशीं जुळवून, मग कोठें सबंध मजकूर वाचतां येतो. नाणकशास्त्राचा निम्मा व्यवहार या शेजारीं मांडण्यांत आहे. हें मांडणें कोठें करावयाचें, छापील ग्रंथाच्या पानावर कीं ज्याला आतां मराठींत आंतरजाल म्हणतात त्या इंटरनेटच्या पडद्यावर, हा प्रश्न गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संग्राहकांपुढें उभा राहिला आहे. तो दिसतो तितका किरकोळ नाहीं.

हिंदुस्थानांत नाण्यांवरील संशोधन छापण्याची परंपरा वाढली ती पुष्कळशी हौशी माणसांच्या हातून. त्यांत मुलकी अधिकारी होते, पाद्री होते, वकील होते, प्राध्यापक होते; दिवसाचें काम संपल्यावर भिंग घेऊन बसणारीं हीं माणसें. बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाला १९०४ पासून नाण्यांची स्वतंत्र पुरवणी जोडली जाऊं लागली. १९१० च्या डिसेंबरांत अलाहाबादेस न्युमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था निघाली, आणि १९३९ पासून तिचें स्वत:चें नियतकालिक सुरू झालें.

या छापील संशोधनाचें बळ कशांत होतें, हें पाहण्यासाठीं वऱ्हाडाबाहेर, नाशिकजवळच्या जोगळटेंभी या गांवीं क्षणभर जाणें अवश्य आहे. १९०६ मध्यें तेथें चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड ठेवा सांपडला. तो तपासण्याचें काम रेव्हरंड एच्. आर्. स्कॉट या गृहस्थानें केलें आणि त्याची हकीकत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केली. नाणीं भरलीं १३,२५० च्या घरांत. तीं क्षहरात राजा नहपान याचीं. परंतु त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपलीं चिन्हें, एका बाजूस चैत्य आणि दुसऱ्या बाजूस उज्जैनी चिन्ह, पुन्हां ठोकलेलीं होतीं. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत गौतमीपुत्रानें क्षहरातांचा वंश निर्मूळ केल्याचें म्हटलें आहे. ती नुसती दरबारी स्तुति नव्हे, शत्रूचें नाणें आपल्या चिन्हानें चालविण्याइतकी सत्ता त्याच्या हातीं खरोखर आली होती, हें या एका ढिगानें सिद्ध झालें. नहपान आणि गौतमीपुत्र यांच्या काळांची सांगड घालतांना इतिहासकार अजूनहि या ठेव्याचा आधार घेतात.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. पुरावा होता तो कोणत्याहि एका नाण्यांत नव्हता. तो होता त्या प्रमाणांत: इतक्यांवर ठसा आहे, इतक्यांवर नाहीं. समजा, तो ठेवा नाशिकच्या सराफ्यांत गेला असता, चांगलीं दिसणारीं दोनतीनशें नाणीं शौकिनांच्या हातीं गेलीं असतीं आणि उरलेलीं मुशींत पडलीं असतीं. तर त्या दोनतीनशें सुंदर नाण्यांनीं इतिहासाला काय सांगितलें असतें? नहपानाच्या नाण्यावर गौतमीपुत्राचा ठसा कधीं कधीं आढळतो, एवढेंच.

वऱ्हाडच्या वांट्यालाहि असा एक ठेवा आला, आणि तो न्युमिस्मॅटिक सोसायटीचें नियतकालिक सुरू झालें त्याच वर्षीं, १९३९ मध्यें. त्या वेळच्या अकोला जिल्ह्यांत मंगरूळपीर तालुक्यांतील तऱ्हाळा या गांवीं (हा तालुका आतां वाशीम जिल्ह्यांत मोडतो) सुमारें सोळाशें सातवाहन नाणीं मिळालीं. जोगळटेंभीची चांदी येथें नव्हती. हीं नाणीं पोटीनचीं, म्हणजे तांबें, कथील आणि शिसें यांच्या हिणकस मिश्रणाचीं. एका बाजूस सोंड उचललेला हत्ती व त्याच्याभोंवतीं राजाचें नांव, दुसऱ्या बाजूस उज्जैनी चिन्ह. भांडीं ओतणाऱ्यानें वजनावर घेतलीं असतीं तर चार पैसे आले असते. नागपूरचे वा. वि. मिराशी यांनीं तीं तपासलीं आणि १९४० मध्यें त्या नव्या नियतकालिकाच्या दुसऱ्या खंडांत प्रसिद्ध केलीं. सोसायटी हिंदुस्थानभरची, नियतकालिक इंग्रजी, आणि विषय वऱ्हाडांतल्या एका खेड्याचा; तरी शोध लागल्यापासून छापून येईपर्यंत फार तर वर्ष-दीड वर्ष गेलें. आजच्या विद्वत्पत्रिकांना ही गति साधत नाहीं, हें जातां जातां सांगण्यास हरकत नाहीं.

या नाण्यांवरहि राजाचें नांव तुटकेंच. कोठें आरंभींचीं दोन अक्षरें, कोठें शेवटचें 'सातकणिस'. परंतु शेंकडों नाणीं एकदम समोर असल्यामुळें एकाची उणीव दुसऱ्यानें भरून निघाली. गौतमीपुत्र, पुळुमावि, यज्ञ, स्कंद, विजय हीं नांवें मिळालीं. आणि त्यांच्याबरोबर कुंभ, कर्ण व शक अशीं तीन नांवें पुढें आलीं कीं ज्यांचा पुराणांतल्या वंशावळींत पत्ता नाहीं. सातवाहनांची सत्ता मावळत असतां विदर्भांत कोण राज्य करीत होते, याचा एक अख्खा परिच्छेद या हिणकस धातूनें लिहिला. कुंभ सातकर्णीचें एखादें एकटें झिजलेलें नाणें हातांत घेऊन कोणत्याहि पंडितानें नवा राजा कल्पिला नसता, आणि कल्पिला असता तरी इतरांनीं तो मानला नसता. हे राजे टिकले ते ठेवा एकत्र राहिला म्हणून, त्याचें गांव माहीत होतें म्हणून, आणि मोजदाद करून तो छापला गेला म्हणून.

छापील पानाची ही थोरवी सांगतांना त्याचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. जुन्या मोठ्या सूचि-ग्रंथांतलीं चित्रें हीं बहुधा नाण्यांचीं नसतच. नाण्याचा प्लॅस्टरचा ठसा घेऊन त्या ठशाचें छायाचित्र छापीत. रेषा त्यामुळें स्वच्छ येत, पण धातूचा रंग, गंज, झीज यांतलें कांहीं दिसत नसे. समोरचें नाणें तांब्याचें कीं पोटीनचें, हें चित्र पाहून सांगतां येणें अशक्य. शिवाय चित्रांचीं पानें महाग. सोळाशें नाण्यांपैकीं निवडक नाण्यांचींच चित्रें द्यावयाचीं आणि उरलेल्यांबद्दल वाचकानें लेखकाच्या डोळ्यांवर विसंबावयाचें, असाच प्रघात होता. लेखक मिराशींसारखा असेल तर तें ठीक. सगळेच तसे नव्हते; आणि एकदां चुकीचें वाचन छापलें गेलें कीं तें पुढच्या चार ग्रंथांत जसेंच्या तसें उतरे.

आणि हे ग्रंथ पाहावयाचे कोठें? ब्रिटिश म्युझियमनें १९०८ मध्यें काढलेली रॅप्सनची आंध्र व क्षत्रप नाण्यांची सूचि किंवा न्युमिस्मॅटिक सोसायटीचे खंड अचलपुरांतल्या एखाद्या जिज्ञासूस पाहावयाचे झाले, तर त्यानें सकाळीं 'शकुंतला'च्या लहान गाडींत बसावें, मूर्तिजापूर गांठावें, तेथें मोठ्या गाडीची वाट पाहावी, आणि नागपूर किंवा मुंबई गांठावी. ग्रंथ घरीं नेण्याची सोय नाहीं. टिपणें हातानें उतरून घ्यावयाचीं. नाण्याची आकृति कागदावर पेन्सिलीनें काढावयाची. गांवांतच सांपडलेल्या नाण्याची हकीकत गांवाला परकी, अशी ही स्थिति. 'शकुंतला' पुढें बंद पडली, परंतु तोंपर्यंत तिची ही एक गरज उरली नव्हती.

ती गरज संपविली आंतरजालानें. इंटरनेट आर्काइव्ह ही अमेरिकन संस्था १९९६ मध्यें निघाली. हिंदुस्थानांत डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या योजनेंत लाखों जुन्या पुस्तकांचीं पानें यंत्रानें टिपून घेण्यांत आलीं. पूर्वी ज्यांच्यासाठीं दोन दिवसांचा प्रवास पडे, त्या ग्रंथांपैकीं पुष्कळ आज अचलपुरांतल्या घरीं बसून वाचतां येतात. नव्या सामग्रीचें तर बोलावयासच नको. झेनो नांवाचा पौर्वात्य नाण्यांचा एक मोठा चित्रसंग्रह जालावर आहे. त्यांत देशोदेशींचे संग्राहक आपल्या नाण्यांचीं रंगीत छायाचित्रें वजनमापासह घालतात, आणि त्यांवर जाणते लोक आपलें मत नोंदवितात. १९७० मध्यें स्थापन झालेल्या ओरिएंटल न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या पत्रिकेचे जुने अंकहि असेच जालावर वाचावयास मिळतात. 'शेजारीं मांडणें' ही जी नाणकशास्त्राची मूळ क्रिया, ती इतकी सोपी पूर्वीं कधींच नव्हती. एक नाणें लंडनला, दुसरें हैदराबादेस, तिसरें खासगी तिजोरींत. पडद्यावर तीं तिन्ही एका ओळींत उभीं राहतात.

या सोयीचा आणखी एक लाभ आहे आणि तो खोट्या नाण्यांच्या बाबतींत. सांच्यांत ओतून बनविलेल्या नकली नाण्यांच्या प्रत्येक प्रतींत तोच टवका, तीच भेग, कडेचा तोच खड्डा असतो. कारण मूळ नाण्यावरचे हे अपघातच सांच्यांत उतरतात. हातोड्यानें पाडलेलीं दोन नाणीं इतकीं हुबेहूब सारखीं असणें जवळजवळ अशक्य. नकली नाणीं निरनिराळ्या गांवीं विकलीं जात तेव्हां कोणाला संशय येत नसे. आतां दोन चित्रें शेजारीं आलीं कीं लबाडी उघडी पडते.

मात्र पडद्यावर शोधणें हें दिसतें तितकें सरळ नाहीं, आणि येथें हेमचंद्राचा तो नियम पुन्हां आठवतो. यंत्र जें अक्षर द्यावें तेंच शोधतें. 'अचलपूर' म्हणून शोधणाऱ्याला एलिचपूरचा रुपया दिसत नाहीं; 'एलिचपूर' म्हणणाऱ्याला 'इलिचपूर' या नांवाखालचा नोंदलेला रुपया चुकतो; रोमन लिपींत एक 'एल्' कीं दोन, यावरहि फळ बदलतें. छापील सूचीच्या शेवटीं जी शब्दसूचि असे, तींत शहाणा संपादक एका नांवापुढें 'अमुक पाहा' असें लिहून वाचकाला योग्य पानावर नेई. तें काम कंटाळवाणें होतें, पण एका माणसानें समजून केलेलें होतें. पडद्यावर तें काम ज्यानें त्यानें स्वत: करावयाचें असतें, आणि तें करण्यास गांवाचा इतिहास आधींच ठाऊक असावा लागतो!

छापील आणि जालीय यांचा हा झगडा केवळ नाण्यांपुरता नाहीं. अमेरिकेंत खेळाडूंच्या चित्रपत्रांचा, म्हणजे तंबाखूच्या पुड्यांतून आणि गोळ्यांच्या पाकिटांतून पूर्वीं जीं लहान चित्रें मिळत त्यांच्या संग्रहाचा, जो प्रचंड नाद आहे, त्यांत तो अधिक ठळकपणें दिसतो. या विषयाचा पाणिनि म्हणावा असा गृहस्थ म्हणजे जेफर्सन बर्डिक. न्यूयॉर्क संस्थानांतील सिरॅक्यूज येथें विजेचीं उपकरणें बनविणाऱ्या कारखान्यांत तो काम करी, संधिवातानें हातपाय जखडलेले, संसार नाहीं. १९३७ मध्यें त्यानें संग्राहकांसाठीं एक लहानसें पत्रक सुरू केलें आणि १९३९ मध्यें, म्हणजे तऱ्हाळ्याचा ठेवा सांपडला त्याच वर्षीं, अमेरिकन चित्रपत्रांची पहिली व्यवस्थित सूचि छापली. प्रत्येक मालिकेला त्यानें एक अक्षर आणि एक अंक दिला. विसाव्या शतकांतील तंबाखूच्या चित्रपत्रांना 'टी' हें अक्षर. त्यांपैकीं १९०९ ते १९११ या काळांतील बेसबॉल खेळाडूंची मालिका ती 'टी २०६'. या मालिकेंतलें होनस वॅगनर या खेळाडूचें एक चित्रपत्र २०२२ मध्यें बहात्तर लक्ष पन्नास हजार डॉलरांस विकलें गेलें. सौदे आज पडद्यावर होतात, बोली पडद्यावर लागते; पण वस्तूची ओळख म्हणून जो अंक सांगितला जातो तो त्या कारखान्यांतल्या कामगारानें कागदावर छापलेलाच.

बर्डिकनें दुसरी गोष्ट केली ती अधिक महत्त्वाची. आपला तीन लाखांहून अधिक चित्रांचा संग्रह त्यानें न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला, आणि तो एकत्र राहावा म्हणून स्वत: तेथें जाऊन, दुखऱ्या हातांनीं, वर्षांनुवर्षें तो आल्बमांत चिकटवीत बसला. १९६३ च्या जानेवारींत तें काम संपलें आणि मार्चमध्यें तो वारला. दुर्मिळ चित्रपत्र काढून घ्यावें आणि बाकीचीं टाकून द्यावीं, हा विचार त्याला शिवला नाहीं. त्या संग्रहांतील कितीतरी चित्रपत्रें आतां म्युझियमच्या संकेतस्थळावर कोणालाहि पाहतां येतात; आणि तेथें तीं उपयोगी पडतात याचें कारण कोणतें चित्र कोणत्या मालिकेंतलें हें बर्डिकनें आधींच ठरवून ठेविलें होतें.

नाणीं आणि चित्रपत्रें यांचें गोत्र एक आहे, याची आणखी एक खूण सांगतां येईल. विस्कॉन्सिन संस्थानांतील आयोला या खेड्यांत चेस्टर क्राउस यानें १९५२ मध्यें नाण्यांच्या शौकिनांसाठीं एक वृत्तपत्र काढलें. त्याच छापखान्याच्या व्यवसायांतून पुढें जगांतील नाण्यांची जाडजूड सूचि निघाली आणि खेळाडूंच्या चित्रपत्रांचीहि सूचि निघाली. एलिचपूरच्या नाण्यांना आज विक्रेते जो क्रमांक लावतात तो बहुधा या क्राउस-सूचींतला. चित्रपत्रांच्या भावाचें मासिक जेम्स बेकेट या सांख्यिकीच्या प्राध्यापकानें १९८४ मध्यें सुरू केलें, तेव्हां महिन्यांतून एकदां भाव कळणें ही मोठी गोष्ट वाटे. आज भाव घडीघडीस पडद्यावर बदलतो आणि छापील भावपत्रक हातीं पडेपर्यंत शिळें होतें. भावाच्या बाबतींत कागद हरला; त्याबद्दल कोणी शोक करण्याचें कारण नाहीं. वर्गवारी आणि मोजदाद यांच्या बाबतींत मात्र तो अजून हरलेला नाहीं.

कां हरला नाहीं, तें पडद्यावरच्या विक्रीकडे पाहिलें कीं कळतें. लिलावाच्या संकेतस्थळावर सातवाहनांचें पोटीनचें नाणें येतें तें एकटें येतें. चित्र स्वच्छ, वजन बरोबर, राजाचें नांवहि कदाचित् बरोबर. परंतु तें कोणत्या गांवीं निघालें, त्याच्याबरोबर आणखी किती होतीं, त्यांत कोणाचीं होतीं, याचा उल्लेख क्वचितच असतो. आणि असला तर 'मध्य भारत' किंवा 'दख्खन' इतका ढोबळ. विकणाऱ्याला तें बहुधा ठाऊक नसतें, आणि ठाऊक असलें तर सांगण्यांत त्याचा लाभ नसतो. विक्री झाली कीं तें पानहि कांहीं दिवसांनीं निघून जातें. म्हणजे नाणें खासगी तिजोरींत गेलें आणि त्याचें चित्रहि हवेंत विरलें. मिराशींनीं तऱ्हाळ्याचीं नाणीं १९४० मध्यें छापलीं, तीं पानें आजहि उघडतां येतात. दहा वर्षांपूर्वीं पडद्यावर विकल्या गेलेल्या नाण्याचें पान सांपडेल कीं नाहीं, हें दैवावर. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचें मूळ संकेतस्थळसुद्धां पुढें बंद पडलें. तेथील ग्रंथांपैकीं जे वाचले ते इतरांनीं त्यांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर ठेवल्या होत्या म्हणून. छापखान्यानें हीच गोष्ट निराळ्या रीतीनें साधलेली होती. एका ग्रंथाच्या पांचशें प्रती पांचशें कपाटांत गेल्या कीं त्यांतलीं चारशें कपाटें वाळवीनें खाल्लीं तरी ग्रंथ उरतो.

चूक सुधारण्याच्या बाबतींतहि दोन्हींकडे गुणदोष आहेत. छापलेली चूक सुधारण्यास दुसरा लेख यावा लागतो; मध्यंतरीं दहावीस वर्षें जातात. पण दोन्ही लेख उरतात, आणि पहिल्यानें कां चुकीचें वाचलें हें तिसऱ्याला समजतें. पडद्यावर चूक एका क्षणांत पुसली जाते आणि तिच्याबरोबर तिचा इतिहासहि पुसला जातो. झेनोसारख्या संग्रहांत जाणत्यांचा वादविवाद नाण्याखालीं तसाच राहतो, ही गोष्ट त्यामुळेंच मोलाची. जालावरच्या कोणत्याहि नोंदीचा दाखला देतांना ती कोणत्या दिवशीं पाहिली तें लिहावें, ही आतां रूढ झालेली पद्धत अगदीं रास्त आहे. त्याच्या पुढें जाऊन ती नोंद स्वत:जवळ उतरून ठेवावी, हें अधिक शहाणपणाचें.

नाशिकजवळ अंजनेरी येथें १९८० च्या दशकांत परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. महेश्वरी यांच्या उद्योगानें नाणकशास्त्राची एक संशोधन संस्था उभी राहिली. महेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळी व नाणीं यांवरचा ग्रंथ या संस्थेनें १९८९ मध्यें छापला. या विषयांत काम करणारे तो अजून हातांशीं ठेवतात, आणि नव्या सांपडलेल्या प्रकारांचीं चित्रें जालावर पाहून त्याच्या समासांत टिपणें करतात. व्यवहारांत दोन्ही माध्यमें अशीं एकमेकांच्या समासांत नांदत आहेत. वाद घालणारे समजतात तितकें त्यांचें हाडवैर नाहीं.

खरी अडचण त्याच्याहि अलीकडे आहे. ती शेताच्या बांधावर आहे. जमिनींत सांपडलेल्या ठेव्यासंबंधीं १८७८ चा कायदा आजहि लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडल्यास सांपडणाऱ्यानें कलेक्टरास कळवावें, असें तो सांगतो. सरकारनें तो ठेवा घेतल्यास मोबदला काय, तर धातूची किंमत आणि त्यावर तिचा एक पंचमांश. सोन्याचांदीच्या बाबतींत हें एक वेळ ठीक. परंतु तऱ्हाळ्यासारख्या पोटीनच्या ढिगाची धातूची किंमत ती काय, आणि तिचा एक पंचमांश तो काय! उलट पडद्यावर त्याच नाण्याला शौकीन जो भाव देतो तो धातूचा नसतो, नांवाचा असतो. १९७२ च्या पुराणवस्तु कायद्यानें शंभर वर्षांहून जुनीं नाणीं खासगी माणसानें परदेशीं पाठविण्यास बंदी केली आहे, पण देशांतल्या देशांत ठेवा फुटूं नये याची तजवीज त्यानें होत नाहीं. सांपडणाऱ्या शेतकऱ्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. हिशेब त्याला समजतो.

त्या जुन्या कायद्यांत कलेक्टरास द्यावयाच्या लेखी सूचनेंत तीन गोष्टी मागितल्या आहेत. पहिली, ठेव्याचें स्वरूप आणि त्याची अदमासें किंमत. दुसरी, तो सांपडला ती जागा. तिसरी, तो सांपडला ती तारीख. लिलावाच्या पडद्यावर यांपैकीं पहिली गोष्ट पूर्वीं कधीं नव्हती इतकी तपशीलवार मिळते. उरलेल्या दोन बहुधा नसतात, आणि तऱ्हाळ्याच्या हकीकतींत कुंभ, कर्ण व शक यांना वऱ्हाडांत जागा मिळाली ती या दोहोंच्या जोरावर.